जिन्यातलं भूत

"हलू नकोस गं, भूत पापणीसुद्धा लववत नाही!" चित्रकार नवरा खेकसला. दिवसभर पेशंट सांभाळून आलेली त्याची नर्स बायको पांढरी चादर पांघरून जिन्यात उभी होती. यानं जुन्या भयकादंबरीचं कॉमिक काढायला घेतल्यापासून महिनाभर हाच छळ चालला होता. "भुताला घरी येऊन स्वयंपाक करायचा नसतो, मला असतो!" ती करवादली. तेवढ्यात संपादकबाईंचा मेसेज आला आणि नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "झालं! तुझ्यामुळे सगळी पानं परत आली," म्हणत त्यानं फोन तिच्या हातात कोंबला. तिनं वाचलं: 'हवेली झकास. भुताची मात्र भीती वाटत नाही. बिचारी नुसती दमलेली दिसते.' "दमलेली कुठली? तू दिसतेस तशीच तर काढलीय!" नवरा तणतणला. तिनं चादर काढून त्याच्या खांद्यावर टाकली. "त्या बाईंना जेवायला बोलाव. स्वयंपाक तू कर."