खडखडणारा पंखा

ऑफिसबाहेरच्या बाकावर बाईंनी आम्हा बापलेकींना तासभर बसवून ठेवलं होतं. माझं डोकं तापत चाललं होतं. पोरांना मनाजोगतं काम मिळवून देणाऱ्या बाई म्हणून अख्खी इचलकरंजी त्यांचं नाव घेते, आणि इथे बघावं तर कॅलेंडर वाकडं, कुंडीतलं रोप सुकलेलं, टेबल फॅनची जाळी खडखडतेय. ज्यांना स्वतःचं ऑफिस नीट ठेवता येत नाही, त्या माझ्या पोरीला काय मार्गाला लावणार?

बँकेच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली वैजू मात्र पंखा बंद करून, केसातल्या पिनेने जाळीचा स्क्रू आवळत होती.

"अगं, लोकांच्या वस्तूंना हात लावू नये!" मी खेकसलो.

तिने बटण दाबलं. पंखा फिरू लागला, खडखड मात्र थांबली होती. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग वैजूच्या हातातल्या पिनेकडे.

"चुकलं तिचं, मॅडम," मी उठून म्हणालो.

"चुकलं कसलं, काका? तिची मुलाखत झाली." मग वैजूला म्हणाल्या, "यंत्रमाग दुरुस्तीचं काम शिकशील?"

एरवी माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देणारी माझी पोर थेट 'हो' म्हणाली.

छत्री राहिली म्हणून मी परत फिरलो, तर बाई वाकून तोच स्क्रू ढिला करत होत्या. मला बघून हसल्या. "पुढची मुलं येताहेत, काका."

वाकडं कॅलेंडर सरळ करायला उचललेला हात मी हळूच खाली घेतला.