नापास करा, साहेब

तपासणी म्हटली की बाकीचे घाण झाकतात. हॉस्पिटलच्या मेंटेनन्स सुपरवायझरनं मात्र सकाळपासून ऑडिटर साहेबांना हुडकून हुडकून घाणच दाखवली. शेवटी त्यांना गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत नेलं आणि लोखंडी दोराच्या तुटलेल्या तारांवर बॅटरी मारली.

"नापास करा, साहेब. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लिफ्ट बंद केली की लगेच वरून फोन येतो, चालू कर म्हणून. तुमचा शेरा असल्याशिवाय कुणी ढिम्म हलणार नाही."

"आणि सगळं तुमच्यावर शेकलं तर? नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पाया पडतो तुमच्या. माझी बायको इथं आया आहे, दिवसभर पेशंट घेऊन ह्याच लिफ्टनं वरखाली करते."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेडे आहात. मी कुणाच्या पोटावर पाय देत नसतो." आणि अहवालात लिफ्टपुढे 'समाधानकारक' लिहून झोकात सही ठोकली.

दोघं सहाव्या मजल्यावर उतरून आले. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत सुपरवायझरची बायको होती आणि स्ट्रेचरवर एक म्हातारी. साहेबांना पाहून बायको अदबीनं अंग चोरून उभी राहिली.

"या ना साहेब, होईल जागा."

"नको, नको, तुम्ही व्हा पुढे," म्हणत साहेब जिन्याकडे वळले.