पोशीरचा कोळसा

“सांगतो, पण कुणाला पटायचं नाय,” मोरूबाबा म्हणाला आणि कोणी बसा म्हणायच्या आत समितीपुढच्या खुर्चीत बसला.

तेजश्रीनं डोळे मिटून घेतले. तिचं दोन वर्षांचं संशोधन त्या टेबलावर काचेच्या दोन भांड्यांत होतं. एकात रंगाच्या कारखान्याचं जांभळं सांडपाणी. दुसऱ्यात तेच पाणी, भाताच्या तुसाच्या कोळशातून गाळलेलं. त्यातून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचता येत होत्या. खालापूरच्या या संशोधन केंद्रात असं पाणी गाळणारी मोठी टाकी बांधायची की नाही, हे आज ठरणार होतं.

पाण्याबद्दल समितीची तक्रार नव्हती. गाडं अडलं होतं कोळशापाशी. प्रयोगशाळेतल्या भट्टीत तो करायला वीज फार लागते. तेजश्रीचं म्हणणं, वीज नकोच. हा कोळसा आमच्या गावी, पोशीरला, शेतात केलाय.

“उघड्यावर तूस पेटवलं की पांढरी राख होते,” समितीच्या प्रमुख डॉ. इल्मा मुकादम म्हणाल्या होत्या. “कोळसा उरतो कसा? दर वेळी सारखाच उरेल कशावरून? करतं कोण हे?”

तेजश्रीनं दाराकडे पाहिलं होतं. तिथं टेंपोतून आणलेल्या कोळशाच्या गोणीवर तिची आजी, कोंडी, पदर ओढून बसली होती. परक्यांपुढे ती बोलत नाही. तेवढ्यात आजा मोरूबाबाच पुढे आला होता. मोरूबाबा खरं बोलला तर पोशीरच्या म्हशी दचकतात, हे समितीला कुठून ठाऊक असणार?

“पेरणीआधी आमी जमीन भाजतो, बाई. त्याला राब म्हंतात. पाला, शेण, तूस पसरायचं आन वरून माती. आमच्या घरचा राब माझ्याच हातचा. एक साली त्यातला कोळसा उल्हास नदीत सांडला, तर पाणी इतकं नितळ झालं का माशांना लाज वाटली. सगळे दगडाआड.”

समितीतले दोघे हसले. डॉ. मुकादम हसल्या नाहीत. “पेटवता कुठून?”

मोरूबाबा म्हणाला, “वारा जिकडनं येतो तिकडनं. काडी टाकली का असा भडका उठतो, माथेरानवरची लोकं शाली काढून ठेवतात.”

“बाबा,” तेजश्री दातांतल्या दातांत म्हणाली.

“भडका उठला तर राखच होणार,” डॉ. मुकादम म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फाइल मिटली. “तेजश्री, पाणी उत्तम आहे. पण जो कोळसा पुन्हा करता येत नाही, त्याच्या भरवशावर टाकी बांधता येत नाही.”

तेजश्रीनं टेबलाची कड धरली. बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी दारातून आवाज आला.

“खोटं सांगतात ह्ये.”

कोंडी गोणीवरून उठली होती. पदर खांद्यावर आला होता. चालत ती थेट टेबलापाशी आली.

“वारा जिकडं जातो, त्या टोकाला पेटवायचं. मंग आगीला वाऱ्याच्या उलट यावं लागतं. रांगत येते. वर मातीचा थर हाय, त्यो तिला डोकं काढू देत नाय. धूर पिवळा झाला का अजून माती टाकायची, निळा झाला का पाणी. काळं दिसतं तवर इझवायचं. चाळीस वरसं झाली, एकदा बी राख नाय झाली. पोरीनं म्हनून तर माझ्याकडनं बारा डाव करून घेतलं आन दर टायमाला वजन केलं. इचारा तिला.”

“बारा वेळा,” तेजश्री म्हणाली. “बाराही नमुने सारखे आलेत, मॅडम. शेवटच्या पानावर आहे.”

डॉ. मुकादमांनी शेवटचं पान उघडलं. बराच वेळ वाचलं. पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मोरूबाबा निमूट उठला आणि खुर्ची कोंडीकडे सरकवली. ती बसली.

“नाव सांगा, आजी. पूर्ण.”

तिनं सांगितलं. त्यांनी लिहिलं.

“आणि राब भाजताना हे काय करतात?”

“ह्ये?” कोंडीनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “ह्ये बांधावर बसतात आन जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगतात, राब म्या भाजला.”