आखाजीचा दोर

बन्सीलाल पोलीसपाटलाने हात वर करून हेमलताला दोराच्या पलीकडेच थांबवलं. गावात शिरणाऱ्या रस्त्यावर, समोरासमोरच्या कडुनिंबांना तो दोर आडवा बांधला होता. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, असं टाळेबंदीत गावाने ठरवलं होतं. लग्न होऊन धुळे जिल्ह्यात गेलेली लेक आता बाहेरचीच होती.

दोराच्या अलीकडे तिची आई दगडीबाई पिशवी छातीशी धरून उभी होती. मागे बाप, मंगा, तोंडाला रुमाल गुंडाळून. पार पलीकडे, वळणावर, जावई मोटारसायकलवर बसून वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला लेकी माहेरी आल्या नाहीत, झाडांना झोके लागले नाहीत, असं साल गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. दगडीबाई रोज बन्सीलालच्या दारात जाऊन बसायची. एका रात्रीपुरती येऊ द्या म्हणायची. त्याची स्वतःची बहीण नंदुरबारला अडकली होती. एकीला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू, असं तो म्हणायचा. शेवटी त्याने पिशवी तेवढी देऊ दिली. तीही जमिनीवर ठेवून, लांबून.

पिशवीत मोरपंखी साडी होती. टाळेबंदीत शेतकऱ्याला आधार म्हणून सरकारने यंदा दोन हजारांचा हप्ता लवकर खात्यावर टाकला. मंगाने धरणगावला जाऊन तो काढला. लखीचंद शेठचं दुकान बंद होतं, तर घराच्या मागच्या दाराने साडी घेतली. चोरीचा माल न्यावा तशी लपवून न्या भाऊ, असं शेठ हसत म्हणाला होता.

गेल्या आखाजीला हातात काही नव्हतं. लेकीला रिकाम्या हाताने परत पाठवायची दगडीबाईला लाज वाटली. घराची कौलं उतरवली आहेत, औंदा येऊ नको, असा निरोप तिने धाडला होता.

तिने पिशवी रस्त्यावर ठेवली आणि मागे सरकली. हेमलताने ती वाकून उचलली, पण साडी काढून पाहिली नाही. ती दोराकडे बघत होती. दोराला दोन ठिकाणी जुनी लाल चिंधी गुंडाळलेली होती. पोरीचे तळहात सोलू नयेत म्हणून आईनेच कधीकाळी गुंडाळलेली.

"हाऊ आपला झोकाना दोर शे ना, आबा?"

मंगाने मान हलवली. दोन वर्षं माळ्यावर पडून होता, गावाला रस्ता अडवायला दोर पाहिजे होता, देऊन टाकला, असं काहीतरी तो रुमालाआडून बोलला.

दगडीबाईला राहवलं नाही.

"मागला साले कौलं उतारेल नव्हतात, हेमे."

"माहीत शे," हेमलता म्हणाली. "मी काय साडीसाठे येस का वं माय?"

वळणावर जावयाने हॉर्न वाजवला. हेमलताने पिशवी कोपरात अडकवली, आईकडे पाठ केली आणि त्या दोन चिंध्यांच्या मधोमध दोरावर बसली. दोन्ही हातांनी चिंध्या धरल्या. दोराला हात लावू नका, असं बन्सीलालने सकाळीच बजावलं होतं. आता तो शेताकडे तोंड करून उभा राहिला.

दगडीबाई पुढे झाली. झोका द्यायला उचलावेत तसे तिचे हात वर आले आणि लेकीच्या पाठीपाशी येऊन थांबले.

हेमलताने पायांनी जमिनीला रेटा दिला.

दोर हलला नाही. मंगाने तो फार ताणून बांधला होता.