चौथा तुकडा

कामठ्याच्या चैतरामच्या पोरीचा पाय हाडापासून सडत चालला होता. गावात आलेल्या डॉक्टरांनी दुखण्याचे नाव ऑस्टिओमायलायटिस असे सांगितले आणि गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात हेच सांगा म्हणाले.

पण दुखण्याचे अख्खे नाव एकाच तोंडाने घेतले तर ते घर सोडत नाही, अशी चैतरामच्या आईची समजूत. म्हणून म्हातारीने नावाचे तुकडे करून वाटले. 'ऑस्टिओ' स्वतःकडे ठेवला, 'माय' चैतरामला आणि 'लाय' सून रुख्माला दिला.

"अन् मले?" खाटेवरून प्रेमिला हसली. "पाय माहा, अन् सारं तुमीच वाटून घेता काय?"

तिला 'टिस' मिळाला.

बैलबंडीत चौघे आपापला तुकडा घोकत गेले आणि दवाखान्यात पाळीपाळीने नाव पुरे केले. प्रेमिला घरी परतली नाही.

पुढच्या साली एकदा जेवताना म्हातारीच्या तोंडून नकळत 'ऑस्टिओ' निघाले. चैतराम 'माय' म्हणून गेला. रुख्मा 'लाय' म्हणाली. चैतराम शेवटचा तुकडाही म्हणणार, तोच रुख्माने त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि रिकाम्या खाटेकडे पाहिले.

"थांबा ना जी. आता तिची बारी आहे."