वस्तऱ्याखालचा होकार

"फुटबॉलमध्ये जगात भारी एकच, आपला दहा नंबर. बाकी सगळा पोरखेळ!" सलूनवाल्याने ठणकावून सांगितलं.

"अगदी बरोबर," गिऱ्हाईक फेसाआडून पुटपुटलं.

सकाळपासून सगळे हेच म्हणत होते. गळ्यावर वस्तरा असताना हुज्जत घालायला कोणाला वेड लागलंय?

हुज्जत घालायचा तो एकटा पार्टनर. शेजारच्या खुर्चीमागे उभा, त्याच्याही हातात वस्तराच. "कसला डोंबलाचा भारी! जरा धक्का लागला की लोळतो मैदानभर." मग दोघांची अशी जुंपायची, की दोन्ही खुर्च्यांतली गिऱ्हाइकं अर्धवट दाढीनिशी जीव मुठीत धरून बसायची.

पार्टनर वारला त्याला महिना झाला. तेव्हापासून सलूनवाला एकही वाद हरला नव्हता.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. त्याने शटर अर्धं ओढलं, पार्टनरची खुर्ची पुसली आणि तिच्यामागे उभं राहून आरशात पाहिलं.

"कसला डोंबलाचा भारी!" तो मोठ्याने म्हणाला. "जरा धक्का लागला की लोळतो मैदानभर."

आणि उत्तर द्यायला लगबगीने आपल्या खुर्चीमागे गेला.