वावडिंगाचा काढा

सिंधूने पेला पुढे ठेवला, तेव्हाच मंदाकिनीबाईंना वावडिंगाचा वास ओळखू आला. लहानपणी पोटातले जंत पडावेत म्हणून आई नाक दाबून हाच काढा पाजायची. आता म्हातारपणी डॉक्टरांनीच त्यांच्या पोटात मुद्दाम जंत सोडले होते. ते जंत आरएनएचे बारीक तुकडे रक्तात मिसळत आणि त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे पहारेकरी पेंगत. म्हणून तर धाकट्या जावेची, सिंधूची, बसवलेली किडनी मंदाकिनीबाईंच्या शरीराला परकी वाटली नव्हती.

“जंत मेले तर किडनीही जाईल, ठाऊक आहे ना तुला?”

“चांगलं ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मला परकीच म्हणालात, जाऊबाई. किडनी दिली तरी तेच. तुमचं शरीर मला आपली मानतं, तेही किड्यांनी थाप मारली म्हणून! प्या, खरं काय ते कळू दे एकदा.”

मंदाकिनीबाईंनी पेला उचलला आणि मोरीत उपडा केला.

“तू मला कधीच आवडली नाहीस, पुढेही आवडणार नाहीस,” त्या म्हणाल्या. “पण शरीर फसलंय माझं. त्याला फसलेलंच राहू दे. मला जगायचंय.”